मामंजींचा हात थरथरतो

प्रश्न : माझे सासरे, वय ६८, कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, साजाची पानं घडवायचे. वर्षभर त्यांचा उजवा अंगठा बसल्या बसल्या हलतो, चालताना पाय घासतो. घरचे म्हणतात, वय झालं. खरंच तेवढंच का? – एक सून, मंगळवार पेठ

उत्तर : ताई, ‘वय झालं’ या दोन शब्दांत उपचाराची वर्षं निघून जातात, म्हणून ते ऐकलं की मला वाईट वाटतं. हात कधी हलतो, हे तुम्ही नेमकं टिपलंत. पार्किन्सन हा हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार. त्याचा कंप बहुधा एका बाजूने, हात निवांत असताना सुरू होतो. चहाचा कप उचलताना दोन्ही हात थरथरले असते, तर मी घराण्यात चालत येणाऱ्या दुसऱ्या कंपाचा विचार केला असता.

पण पार्किन्सनचं निदान ठरतं ते हालचालींच्या संथपणावर. बटणं लावायला वेळ लागतो? सही बारीक होत गेली? रंकाळ्यावर फिरताना उजवा हात झुलतो का? मोबाइलवर चित्रित करा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. चालू गोळ्यांची यादी न्याच. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनेही असा कंप येतो, आणि ती थांबवल्यावर बहुधा ओसरतो. मात्र ते डॉक्टरांना ठरवू द्या.

लेव्होडोपा ही पार्किन्सनवरची गोळी सुरू झाली तर शक्यतो जेवणाआधी अर्धा तास द्या. मटणातली प्रथिनं तिच्या आड येतात. पांढरा रस्सा सोडायला नको, वेळ सांभाळा. बरं वाटलं तरी ती गोळी एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.