डॉक्टर निवडणुकीला उभे राहतायत, मग दवाखाना कोण बघणार?

(वाचकांचे प्रश्न. मागच्या अंकात मलेशियाचे माजी पंतप्रधान डॉ. महाथीर मोहम्मद यांनी जुलै २०२५ ला शंभरी गाठल्याची चार ओळींची बातमी छापली होती. चार ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली काही घेतोय.)

प्रश्न : नमस्कार. मी विडी घरकुल भागात बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. पेशंट म्हणजे विडी वळणाऱ्या बायका आणि लूमवरचे कामगार, निम्मं बोलणं तेलुगूत निम्मं मराठीत. आता महापालिकेला उभे राहा म्हणून लोक मागं लागलेत, दोन पक्षांची माणसं घरी चहा पिऊन गेली. तुम्ही महाथीरांचं लिहिलंत म्हणून विचारतो, राजकारणात गेल्यावर डॉक्टरकीचा खरंच उपयोग होतो का, का फक्त नावाच्या आधी डॉ. लावायला? मिसेस म्हणते गपचूप दवाखाना बघा.

उत्तर : डॉक्टरसाहेब, उपयोग होतो, निवडून यायला तर फारच होतो. निवडून आल्यावर मात्र तीच डॉक्टरकी कधीकधी अंगाशी येते, आणि महाथीरांच्या बाबतीत दोन्ही झालंय, म्हणून जरा लांबण लावतो.

माणूस केदाह राज्यातल्या अलोर सेतारचा, थायलंडच्या बाजूचा हा मुलूख, सगळी भातशेती. वडील शाळेचे हेडमास्तर. हे मुद्दाम सांगतोय कारण त्यांच्या आधी मलेशियाचे तीन पंतप्रधान झाले ते तिघंही राजघराण्यातले नाहीतर बड्या खानदानातले, आणि तिघंही इंग्लंडला जाऊन कायदा शिकून आलेले. ह्यांनासुद्धा वकीलच व्हायचं होतं पण स्कॉलरशिप मिळाली मेडिकलची, सिंगापूरच्या किंग एडवर्ड सातवे कॉलेजची. त्याच्या आधी जपान्यांच्या ताब्यात मलाया (मलेशियाचं तेव्हाचं नाव) असताना शाळा सुटली तेव्हा हे बाजारात कॉफी आणि केळ्याची भजी विकत होते. सिंगापूरला १९४७ ते १९५३. अभ्यास करता करता तिथल्या स्ट्रेट्स टाइम्स पेपरात टोपणनावानं लेखही लिहायचे, म्हणजे राजकारणाची खाज स्टेथोस्कोपच्या आधीची आहे. बायको सिती हस्मा त्याच कॉलेजात भेटल्या, त्याही डॉक्टर, मलय (तिथला बहुसंख्य समाज) बायकांमधल्या अगदी सुरुवातीच्या डॉक्टरांपैकी एक.

थोडे दिवस सरकारी नोकरी केली आणि १९५७ ला, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, अलोर सेतारला स्वतःचा दवाखाना टाकला. गावात खाजगी दवाखाना टाकणारे ते पहिले मलय डॉक्टर. तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, जो डॉक्टर घरात येऊन म्हातारीची नाडी बघून जातो त्याला त्या घरात मत मागायला पत्रक वाटावं लागत नाही. लोक त्यांना डॉक्टर उम्नोच म्हणायचे, उम्नो म्हणजे त्यांचा पक्ष. दवाखाना इतका चालला की मोठं घर बांधलं, पाँटियाक गाडी घेतली आणि ड्रायव्हर ठेवला तो चिनी. तेव्हाच्या मलायात पैसा बहुतेक चिन्यांकडं, त्यामुळं मलय मालक आणि चिनी ड्रायव्हर हे चित्र उलटं होतं, लोक बघत राहायचे. मला विचाराल तर त्यांचं पुढचं अख्खं राजकारण त्या एका गाडीत बसलेलं होतं.

१९६४ ला खासदार झाले. १९६९ ला पडले, हजारापेक्षा कमी मतांनी. त्याच मे महिन्यात क्वालालंपूरला मलय आणि चिनी लोकांत भयंकर दंगल झाली आणि ह्यांनी थेट पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांना पत्र ठोकलं की तुम्ही राजीनामा द्या. पक्षानं हाकललं. इथं तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे बघा, हाकलल्यावर त्यांच्याकडं पोटापाण्याचा स्वतःचा धंदा होता. ज्याचा दवाखाना आहे तो साहेबाला पत्र लिहू शकतो, ज्याचं घर पक्षावर चालतं तो नाही लिहीत. त्या रिकाम्या काळात पुस्तकही लिहिलं, 'द मले डायलेमा', १९७० चं, मलय समाज मागं का पडला याचं निदान आणि वर औषध. सरकारनं लगेच बंदी घातली, ती उठली १९८१ ला, लेखक स्वतः पंतप्रधान झाल्यावर. त्या पुस्तकात आनुवंशिकतेवरून समाजाबद्दल जी विधानं केलीत ती वाचून आजचा कुठलाही डॉक्टर डोक्याला हात लावेल. पण पुस्तकाचा बाज बघा, लक्षणं, कारण, इलाज, पेशंटला विचारलेलं कुठंच नाही.

१९७२ ला पक्षात परत, १९७४ ला शिक्षणमंत्री, १९७६ ला उपपंतप्रधान, १६ जुलै १९८१ ला पंतप्रधान आणि मग एकदम ऑक्टोबर २००३. बावीस वर्षं. आल्याआल्या सरकारी कर्मचाऱ्यांना छातीवर नावाची पट्टी लावायला लावली, वेळेवर येतायत का बघायला पंचिंग मशीन बसवलं, आणि पट्टी स्वतःही लावली, फोटोत दिसते. आपल्याकडं एखाद्या सरकारी कचेरीत खिडकीपलीकडच्या माणसाचं नाव कळायला अर्धा दिवस जातो त्यामुळं मला हे फार आवडतं. पुढं प्रोटॉन गाडी आली, पेट्रोनास टॉवर झाले, नवीन विमानतळ, पुत्रजयासारखं नवं प्रशासकीय शहर. १९८९ ला हार्टचा त्रास झाला तेव्हा पंतप्रधान म्हटल्यावर लंडन-अमेरिका कुठंही जाता आलं असतं, तरी बायपास क्वालालंपूरच्या सरकारी हॉस्पिटलात आपल्याच देशाच्या सर्जनकडून करून घेतली. नंतर १९९२ ला तिथं राष्ट्रीय हृदयरोग संस्था उभी राहिली. डॉक्टर मंत्र्याकडून मला हीच अपेक्षा असते, बाकी भाषणं कुणीही करतं.

आता अंगाशी येण्याचं. दवाखान्यात तुम्ही गोळी लिहून दिली की पेशंट वाद घालत नाही. पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या डॉक्टरकडं जातो, तेवढी मोकळीक त्याला असते. देशाला तशी सोय पाच वर्षांतून एकदा, आणि तीसुद्धा विरोधक बाहेर असतील तर. १९८७ ला एका मोहिमेत शंभरहून जास्त लोकांना, त्यात विरोधी पक्षनेते आले, समाजसेवक आले, विनाचौकशी आत टाकलं आणि काही पेपर बंद केले. १९८८ ला देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशांना पदावरून काढलं. शिक्षणमंत्री असताना विद्यार्थ्यांच्या आंदोलनांवर कायद्यानं फास आवळला होता तो वेगळाच. आपलं निदान बरोबरच आहे ही डॉक्टरांची खात्री ओपीडीत चालून जाते हो, तिथं लाईनीत पन्नास जण असतात, चर्चा करत कोण बसणार.

पण गंमत म्हणजे ह्याच खात्रीनं एकदा देशाचा फायदाही झाला. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात शेजारच्या देशांनी नाणेनिधीचं कर्ज घेतलं आणि त्यांच्या अटी मान्य केल्या, महाथीरांनी नाही म्हटलं. १ सप्टेंबर १९९८ ला पैसा देशाबाहेर जाण्यावर बंधनं आणली, लगेच डॉलरला ३.८० रिंगिट (तिथलं चलन) असा दर बांधून टाकला. जगभरचे अर्थतज्ज्ञ हसले. देश सावरला, तो दर २००५ पर्यंत टिकला. सावरला तो ह्याच उपायानं का असाही सावरला असता यावर अजून भांडणं चालू आहेत, पण मेला नाही हे खरं.

तर तुम्ही उभे राहा का? मला विचाराल तर राहा, फक्त दवाखाना विकू नका. मिसेसचं अर्धं ऐका, सकाळची ओपीडी चालू ठेवा. आणि कोटणीसांच्या सोलापुरात डॉक्टरनं दवाखान्याबाहेर पडणं ह्यात नवल काय, ते तर इथून थेट चीनला गेले. सभेत मात्र समोरचा पेशंट नाही एवढं लक्षात राहू द्या.

प्रश्न : महाथीर भारतीय वंशाचे आहेत असं व्हॉट्सअॅपवर फिरतंय, खरं का? (एक वाचक, जोडभावी पेठ)

उत्तर : वडिलांच्या बाजूचे आजोबा केरळातून गेलेले. पण त्यांनी आयुष्यभर राजकारण केलं ते मलय म्हणूनच. ते आपले म्हणून मिरवायला फारसा वाव नाही, फॉरवर्ड करू नका.

प्रश्न : मी सिव्हिलला इंटर्न आहे. महाथीर-महाथीर सगळे म्हणतात पण तिकडं कुणी बाई डॉक्टर मंत्री झाली का? आमच्या बॅचला निम्म्याहून जास्त मुली आहेत, पण राजकारणाचा विषय निघाला की सगळे मुलांकडंच बघतात.

उत्तर : झाली, आणि तिची गोष्ट महाथीरांपेक्षा भारी आहे. डॉ. वान अझीझा, डोळ्यांच्या डॉक्टर, आयर्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये शिकलेल्या. सरकारी हॉस्पिटलात नोकरी होती, नवरा अन्वर इब्राहिम १९९३ ला उपपंतप्रधान झाले तेव्हा ती सोडली. म्हणजे नवऱ्याच्या पदासाठी बाईनं नोकरी सोडली, आपल्याकडं घरोघरी घडतं तसंच, आणि पाचच वर्षांनी त्या पदाचं काय झालं बघा. सप्टेंबर १९९८ ला, पैसा बाहेर जाण्यावर बंधनं आणली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, महाथीरांनी अन्वरना काढलं, मग अटक. कोर्टात आणलं तेव्हा डोळा काळानिळा सुजलेला. महाथीर म्हणाले स्वतःच मारून घेतलं असेल. खुद्द डॉक्टर असून म्हणाले, आणि ज्या माणसाच्या डोळ्याबद्दल म्हणाले त्याची बायको डोळ्यांची डॉक्टर. नंतर निघालं असं की पोलीसप्रमुखानंच कोठडीत मारलं होतं, त्याला शिक्षाही झाली. तो काळा डोळा आंदोलनाची खूण झाला.

अझीझांनी एप्रिल १९९९ ला नवा पक्ष काढला, त्याच वर्षी नवऱ्याच्या मतदारसंघातून निवडून आल्या, २००८ ला विरोधी पक्षनेत्या. नवरा तुरुंगात असताना पक्ष सांभाळायचा, तो सुटून आला की जागा रिकामी करून द्यायची, परत आत गेला की परत उभं राहायचं, हे त्यांनी केलं आणि ह्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली की त्या फक्त नवऱ्याची खुर्ची गरम ठेवतात. मला ती टीका निम्मीच पटते. पक्ष टिकवणं हे खुर्ची गरम ठेवण्याएवढं सोपं असतं तर आपल्याकडचे इतके पक्ष फुटलेच नसते.

मे २०१८ ला विरोधकांच्या ज्या आघाडीनं सत्ता उलटवली तिचे पंतप्रधान कोण, तर जुना पक्ष सोडून विरोधकांत आलेले ९२ वर्षांचे महाथीर, आणि उपपंतप्रधान वान अझीझा, देशाच्या पहिल्या महिला उपपंतप्रधान. महिला, कुटुंब आणि समाजविकास खातं पण त्यांच्याकडंच. ज्यानं नवऱ्याला आत घातलं त्याच्या शेजारी बसून कॅबिनेट चालवायची. अन्वरना माफी मिळून ते बाहेर आले. फेब्रुवारी २०२० ला महाथीरांनी राजीनामा दिला नि सरकार कोसळलं, अन्वर पंतप्रधान झाले ते नोव्हेंबर २०२२ ला. त्याच निवडणुकीत महाथीरांचं डिपॉझिट गेलं, लंकावीमधून.

प्रश्न : बेळगावला नातेवाइकांकडं गेलो की मलेशियाची पोरं मेडिकलला शिकताना दिसतात, ती इथं कशी? (एक पालक, होटगी रोड)

उत्तर : बेळगावची केएलई संस्था आणि मलेशियातल्या युनिव्हर्सिटी सायन्स मलेशियाचा मिळून मेडिकलचा कोर्स तिथं २०१० ला सुरू झाला, मणिपालचं तर मलेशियात मलाक्काला १९९७ पासून कॉलेजच आहे. तुमच्या मुलाला मलेशियाला पाठवायचा विचार असेल तर फी भरायच्या आधी ती डिग्री घेऊन इथं प्रॅक्टिस करता येते का ते नॅशनल मेडिकल कमिशनच्या नियमात बघून घ्या, एजंटला विचारू नका.