कानात पाणी साठलंय, ग्रॉमेट टाकायचं का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही ऐरोलीला राहतो, मुलगा साडेचार वर्षांचा आहे. पावसाळ्यात सर्दी झाली तेव्हापासून टीव्ही मोठ्याने लावतो, हाक मारली तरी वळत नाही. ईएनटीवाले म्हणतात पडद्यामागे पाणी आहे, ग्रॉमेट, म्हणजे पडद्यात बारीकशी नळी, टाकू. सासूबाई म्हणतात कोमट तेल घाल. काय करू?

उत्तर: तेल अजिबात नको हो ताई! पाणी पडद्याच्या आत आहे, तेल बाहेरच राहणार. नाकाच्या मागून कानात जाणारी नळी लहान मुलांची आखूड नि आडवी असते, ती नीट उघडली नाही की आत चिकट पाणी साठतं, आणि बऱ्याच मुलांचं ते 3 महिन्यांत आपोआप जातं, म्हणून आधी थांबायचंच असतं, अँटिबायोटिक आणि सर्दीची औषधं देऊन यात फारसं काही होत नाही, तरी सर्रास देतात. पण 3 महिने उलटले, दोन्ही कानांत पाणी आहे आणि ऑडिओमेट्रीत (ऐकण्याच्या तपासणीत) ऐकू कमी येतंय, तर मग ग्रॉमेट टाकाच, हे बोलणं पक्कं व्हायचं वय आहे. पूर्ण भूल देतात, काम 10-15 मिनिटांचं, बहुतेकदा त्याच दिवशी घरी. ग्रॉमेट साधारण 6 ते 12 महिन्यांत आपणच गळून पडतं. क्वचित पडद्याला भोक राहतं, काहींना परत टाकावं लागतं. अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढलेत का तेही विचारून घ्या. आणि तोवर शाळेत पुढच्या बाकावर बसवायला टीचरना उद्याच सांगा.