ताई, सही करण्यापूर्वी इतिवृत्त वाचा
ताई, मोहोळ तालुक्यातून तुम्ही प्रथमच ग्रामपंचायत सदस्य झालात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण असले, तरी खुर्ची मिळाली म्हणजे निर्णय हाती आला, असे होत नाही.

सदस्य म्हणून पहिल्या वर्षी मी इतिवृत्ताच्या, म्हणजे बैठकीच्या कामकाजाच्या नोंदीच्या, वहीत दाखवतील तिथे सही करीत असे. एकदा शेवटच्या ठरावाखाली चार ओळी कोऱ्या राहिल्या होत्या आणि पुढच्या बैठकीत त्याच ओळींवर, कधीही चर्चेला न आलेला ठराव लिहिलेला दिसला. म्हणून वही पूर्ण वाचा, कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारायला लावा आणि मगच सही करा.

ग्रामसभेपूर्वीची महिला सभा कागदावर उरकू देऊ नका. तंटामुक्त गाव समितीपुढे बांधाचा वाद आला, तर दोन्ही घरच्या बायकांनाही बोलवा, कारण वाटेचे आणि पाण्याचे खरे दुखणे बहुधा त्यांनाच ठाऊक असते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००० साली ठराव १३२५ करून शांतता वाटाघाटींत स्त्रियांचा सहभाग मागितला. आपल्या चावडीलाही तो तितकाच लागू आहे, असे मी मानते. आणि बैठकीला स्वतःऐवजी यजमानांना कधीही पाठवू नका.