पवनीचा आराखडा काढण्याआधी

बाबू, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या विकासाचा तुझा नकाशा पाहिला. कमान आहे, कारंजं आहे, सेल्फी पॉइंटही आहे. कोष्ट्याचा, म्हणजे विणकराचा, माग मात्र कुठंच नाही. सुरुवात तिथूनच कर.

आधी आठ-दहा दिवस नुसता पायी फिर. पहाटे वैनगंगेच्या घाटावर, दुपारी विणकरांच्या ओसरीवर. आम्ही आमच्या गावी ही घाई केली होती. नवी फरशी ओसरीपेक्षा वीतभर उंच बसली अन् पहिल्याच पावसात पाणी थेट खड्डामागात, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेल्या मागात, शिरलं. मागावर चढवलेला ताणा, म्हणजे उभे धागे, अख्खा भिजला. त्या घरातल्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. म्हणून रस्त्याची उंची उंबरठ्यावरून ठरव.

पवनीच्या टेकड्यांना हात लावताना जप. १९६९-७० च्या उत्खननात इथं प्राचीन बौद्ध स्तूप सापडले. केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरांत नवं बांधकाम चालत नाही, पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. हे अंतर आधी मोजून घे, मग पेन्सिल उचल.

झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकासाठी वातानुकूलित सभागृह नको, बाप्पा! ते रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं, अख्खं गाव सतरंज्या घेऊन येतं. मोकळं मैदान, भरवशाची वीज, बायांसाठी स्वच्छ शौचालयं अन् गाड्या लावायला जागा एवढं दे. दिवाळीनंतर होळीपर्यंत ते मैदान लग्नाला द्यायचं नाही, हे ठरावातच लिहून घे.

अन् दुकानांची भाडी? पहिले गाळे विणकरांनाच, तेही लेखी करारानं.