नऊ वर्षांच्या मुलीचे दात वेडेवाकडे आहेत, पण दुखत काहीच नाही. तरी तारा लावायच्या का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेत आणि वरचे जरा पुढे आलेत, तर उपचार फक्त दिसण्यासाठीच असतो का? आणि सगळे दुधाचे दात पडेपर्यंत थांबलं तर चालेल का? मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वेडेवाकडे दात आणि जबड्यांची ठेवण सुधारणारी दंतवैद्य आहे, हे प्रश्न मला जवळपास रोजच ऐकायला मिळतात. खालचे दात बहुतेक थांबू शकतील. वरचे मात्र आत्ताच दाखवून घ्या.

घरच्यांना दिसतो तो वाकडा दात. मी आधी बघते ते तोंड मिटल्यावर वरची आणि खालची रांग एकमेकींवर कशी बसते ते. वरची रांग सगळीकडून खालचीच्या किंचित बाहेर हवी, आणि पुढचे वरचे दात खालच्यांच्या साधारण २-३ मिलिमीटर पुढे.

खालच्या दातांची थोडी दाटी या वयात फार मुलांत असते. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या पक्क्या उपदाढांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे १०-१२ वर्षांच्या सुमारास थोडी जागा मोकळी होते. म्हणूनच 'दुधाचीच दाढ आहे, पडणारच' म्हणत किडलेली दाढ वेळेआधी गमावू नये. ती गेली की मागची पक्की दाढ पुढे सरकते, जागा खाते आणि उशिरा येणारा सुळा हिरडीत वर अडकतो किंवा बाहेरून डोकावतो. मोठेपणी दाटी वाढली की सगळे अक्कलदाढेला दोष देतात. ती बिचारी बहुतेक वेळा निर्दोष असते.

पुढे आलेल्या वरच्या दातांची गोष्ट वेगळी. ओठ सहज मिटत नसतील तर पडल्यावर पहिला मार त्या दातांनाच लागतो, आणि पक्क्या दाताचा तुकडा उडाला की तो पुन्हा उगवत नाही. असे दात लवकर मागे घेतले तर ही इजा कमी होते, याला अभ्यासांचा आधार आहे. पण लवकर सुरू केलं म्हणून शेवटची ठेवण जास्त चांगली होते असं नाही, आणि बऱ्याच मुलांना पुढे तारा लावाव्याच लागतात. त्यामुळे मी दात किती पुढे आहेत, ओठ मिटतात का आणि मूल किती धडपडं आहे, हे बघून ठरवते. तोवर खेळताना माउथगार्ड हवाच.

आता एक तपासणी घरीच करा. मुलीला समोर बसवा, ओठ बोटांनी बाजूला धरा आणि सावकाश दात मिटायला सांगा. दात पहिल्यांदा टेकल्यावर हनुवटी एका बाजूला सरकते का? वरच्या दाढा एखाद्या बाजूला खालच्यांच्या आत बसतात का? असं असेल तर तो क्रॉसबाइट. यात मी थांबायला सांगत नाही, कारण जबडा वाकडा मिटतच वाढत राहतो. लहानपणी टाळूच्या मधला सांधा पक्का जुळलेला नसतो, त्यामुळे टाळूला बसवलेल्या एक्स्पांडरने वरचा जबडा काही महिन्यांत रुंद करता येतो. मोठेपणी त्याच कामाला हाडात स्क्रू किंवा शस्त्रक्रिया लागू शकते.

अंगठा चोखण्याची सवय पक्के दात येईपर्यंत टिकली तर पुढच्या दातांत वर-खाली फट राहते. सवय सुटली की ती बरीचशी भरून येते. खालचे दात टाळूत रुतत असतील तर मात्र हिरडीला जखम होते, त्याकडे दुर्लक्ष नको. आणि दहाव्या वर्षी दुधाच्या सुळ्याच्या वर हिरडीवर बोट फिरवून बघा. येणाऱ्या पक्क्या सुळ्याचा उंचवटा दोन्हीकडे लागायला हवा.

फायद्यांबद्दल आमच्या व्यवसायात जरा जास्तच बोललं जातं. सरळ दात घासायला सोपे जातात, पण कीड थांबते ती घासण्याने. उलट तारा असताना ब्रशचा आळस केला तर त्याभोवती कायमचे पांढरे डाग उरतात. डोकेदुखी किंवा जबड्याची कटकट जाईल म्हणून तारा लावू नका. आणि 'फक्त दिसण्यासाठी' हे मला क्षुल्लक वाटत नाही. हसताना दरवेळी तोंडावर हात नेणारी मुलं मी बघते. तेवढं कारणही पुरेसं आहे, फक्त त्याला घाई नसते.

तारेचा दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागे नवं बनतं. दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो, म्हणून दीड-दोन वर्षं जातात. जोर वाढवून ते लवकर होत नाही. तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारी पट्टी, कित्येक वर्षं रात्री घालावा लागतो, नाहीतर दात परत फिरतात. मुलगी ती घालेल का, हे सुरू करण्याआधीच तिच्याशी बोला.

दाखवायला जाल तेव्हा बहुधा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे काढतील. हिरडीत कोणते पक्के दात आहेत, कोणता मुळातच नाही, हे त्यात कळतं. तो बघून डॉक्टर 'आत्ता काही नको, सहा महिन्यांनी या' म्हणाले तर ती टाळाटाळ समजू नका.