८०८६ प्रोसेसरच्या असेंब्लीतलं सबरूटीन: ‘हेलो’ स्ट्रिंग नीट छापते, पण परतताना एम्युलेटर (प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) भरकटतो. चूक कुठे?

अक्षरं बरोबर उमटतायत ना? मग लूपच्या मागे लागू नका, गडबड स्टॅकची आहे (स्टॅक म्हणजे तात्पुरत्या किमती एकावर एक रचून ठेवायची मेमरी). (मीही एकदा अख्खी संध्याकाळ लूपच तपासत बसलो होतो.) तुमच्या सबरूटीनच्या सुरुवातीला तुम्ही एसआय (स्ट्रिंगचा पत्ता धरणारा रजिस्टर) पुश केलाय, म्हणजे स्टॅकवर ठेवलाय, पण शेवटचं शून्य सापडल्यावर उडी थेट रेटवर (सबरूटीनमधून परतायची सूचना) जाते, तो परत काढून घेणारा पॉप एसआय राहूनच जातो. मग रेट परतीचा पत्ता म्हणून स्ट्रिंगचाच पत्ता उचलतो आणि सीपीयू अक्षरांनाच सूचना समजून चालवू लागतो! कॅपिटल एच म्हणजे ४८ हेक्स, सीपीयूच्या लेखी ‘डेक एएक्स’ (एएक्स रजिस्टरमधून एक वजा करा).

उडी जिथे पोचते ते लेबल पॉपच्या आधी आणा. एकेक सूचना चालवत (सिंगल स्टेप) एसपी, म्हणजे स्टॅकचा माथा दाखवणारा रजिस्टर, बघा: कॉलआधी एफएफएफई असेल, तर रेटवर पोचताना एफएफएफसी हवा. आत्ता तुम्हाला एफएफएफए दिसेल.