नोकरी सोडू नका, शेऱ्याचा रकाना भरा

दापोलीच्या घरून सॉफ्टवेअरचं काम करता करता रात्री कथा लिहायला लागलात, आणि आता नोकरी सोडावी का, असं विचारलंय. माझं उत्तर स्पष्ट आहे: सोडू नका.

मी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ बर्फाच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो, १९ वर्षं झाली. दर तासाला लॉगबुकात कॉम्प्रेसरचं सक्शन, डिस्चार्ज आणि मिठाच्या पाण्याच्या टाकीचं तापमान लिहायचं. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो, तिथे सगळे ‘ठीक’ लिहितात. एका रात्रपाळीत मी लिहिलं: ‘२.४०. एक बाई. दोन लाद्या. बोटीसाठी नाहीत. मुलगा मुंबईहून निघालाय.’

माझी पहिली कथा त्या ओळीतून आली. पण लिहिताना मी लादीची ‘हिमशिला’ केली आणि त्या बाईच्या तोंडी ‘माझ्या पतीचे पार्थिव’ घातलं. बायकोला वाचून दाखवत होतो, तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, “ती असं बोलली?” नव्हती बोलली. पदराच्या गाठीतले पैसे सोडता सोडता तिने एवढंच विचारलं होतं, “सकाळपर्यंत पुरतील ना?” तेच वाक्य ठेवलं, बाकीची दोन पानं काढली. कामावर जी मराठी बोलतो तीच कथेत चालते, हे मला तेव्हा कळलं. सर्व्हर, डिप्लॉय, बग हे तुमचे शब्द आहेत. त्यांना पर्याय शोधत बसू नका.

तुमच्याच तालुक्यातल्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करायचे आणि कादंबऱ्या दापोलीकडच्या माणसांवर लिहायचे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला विज्ञानकथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. तुम्हीही पहिली कथा अशा माणसाला द्या, ज्याला तुमचा हुद्दा माहीत नाही.

वेळेचं म्हणाल, तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बर्फाला उठाव नसतो, आम्ही मशिनं उघडून ओव्हरहॉल करतो आणि संध्याकाळ मोकळी मिळते. मोठी कथा मी त्या दोन महिन्यांत पुरी करतो. एरवी रोज फक्त शेरा, चार ओळी. रिलीजनंतर तुमचाही एखादा आठवडा सैल जात असेल, तो धरून ठेवा.

आणि प्रश्नात तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहून गेलात. पहाटे तीनला सर्व्हर पडला होता, तुम्ही फोनवर होतात. बाबा उठले, चहा करून लॅपटॉपशेजारी ठेवला आणि दिवा न लावता परत जाऊन झोपले. पुढची कथा तिथून सुरू करा.